सरवा वेचणाऱ्या बायांचा चित्रकार

ज्याँ फ्रान्स्वा मिले हे फ्रान्स देशातील थोर चित्रकार होऊन गेले. त्यांचा जन्म ४ ऑक्टोबर १८१४ रोजी ग्रुशी या खेड्यात शेतकऱ्याच्या घरी झाला. लहानपणी ते शेतात राबले. १८३७ साली शिष्यवृत्ती मिळाली आणि ते पॅरिसला शिकायला गेले. १८४९ मध्ये बार्बिझों गावी राहायला आले. तिथं ते शेतकरी-मजुरांची चित्रं काढत.

१८५७ साली त्यांनी सरवा वेचणाऱ्या तीन बायांचं चित्र प्रदर्शनात मांडलं. मागे लांबवर धान्याच्या मोठ्या गंजी आणि घोड्यावरचा मुकादम. पुढे या बाया वाकून पडलेली कणसं वेचतात. गरिबांना एवढं मोठं दाखवलेलं पुष्कळ श्रीमंतांना रुचलं नाही. पण मिलेंनी विषय सोडला नाही. २० जानेवारी १८७५ रोजी ते वारले. पुढे व्हॅन गॉग यांनी त्यांची चित्रं समोर ठेवून आपल्या रंगांत चित्रं काढली.

मीही तसंच केलं. माझी आई लोकांच्या रानात भुईमुगाचा सरवा वेचायला जाते. मी मातकट रंग घेतले. आईची वाकलेली पाठ कागदभर काढली, चेहरा पदराच्या सावलीत ठेवला. शेंगांचा ढीग लांब, बारका काढला. आई म्हणाली, हे कशाला काढलंस, लोक हसतील. मी तिला सांगितलं, असल्या बायांचं चित्र पॅरिसच्या संग्रहालयात जपून ठेवलंय. मग ती चित्राकडे बघतच राहिली.

चित्र खाली लावले आहे. सर्वांनी पाहावे.