धुळीच्या कणाएवढें बीज : कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर यांचें चरित्र

कोंबडी अंड्यांवर बसलेली आमच्या बालवाचकांनीं पुष्कळ वेळां पाहिली असेल. एकवीस दिवस ती जागा धरून बसते, आणि मग कवच फोडून पिलूं बाहेर येतें. पिलूं अंड्यांतून येतें, हें लहान मूलहि जाणतें. परंतु गाय, मेंढी, कुत्री आणि स्वतः मनुष्य यांची उत्पत्ति कशापासून होते, हा प्रश्न मात्र दोन हजार वर्षें मोठमोठ्या पंडितांनाहि सुटला नव्हता. तो ज्यांनीं सोडविला, त्या कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर यांचें चरित्र आम्ही या अंकांत वाचकांपुढें ठेवीत आहों. विषय नाजूक आहे खरा. परंतु जें ज्ञान शुद्ध मनानें मिळविलें गेलें, तें शुद्ध मनानें वाचतांहि येतें, असा आमचा विश्वास आहे.

बेअर यांचा जन्म २८ फेब्रुवारी १७९२ रोजीं एस्टोनिया देशांत पीबे या गांवीं झाला. तो मुलूख त्या काळीं रशियाच्या झारच्या अमलाखालीं होता. घराणें मात्र जर्मन वंशाचें व जमीनदारीचें होतें. घरांत मुलें पुष्कळ आणि चुलते निपुत्रिक. म्हणून लहानग्या कार्लला चुलत्यांच्या घरीं धाडण्यांत आलें, व सातव्या वर्षापर्यंत तो तेथेंच वाढला. रानांत हिंडून झाडपाला गोळा करण्याचा नाद त्याला लहानपणींच लागला. १८१० सालीं तो डोर्पाट, म्हणजे आजचें टार्टू, येथील विद्यापीठांत वैद्यक शिकूं लागला. १८१२ सालीं नेपोलियनच्या फौजांनीं रीगा शहराकडे मोर्चा वळविला, तेव्हां आजारी शिपायांच्या शुश्रूषेसाठीं जे विद्यार्थी तिकडे गेले त्यांत बेअर होते. तेथें त्यांना स्वतःलाच टायफस तापानें गांठलें, आणि मोठें दुखणें काढून ते उठले.

१८१४ सालीं पदवी हातीं आली. परंतु केवळ पुस्तकी विद्येच्या जोरावर रोग्याच्या उशाशीं बसण्यास त्यांचें मन धजेना. म्हणून ते प्रथम व्हिएन्ना येथें व पुढें वुर्ट्सबुर्ग येथें गेले. तेथें डॉलिंगर नांवाचे एक नाणावलेले अध्यापक होते. बेअर यांनीं त्यांच्यापाशीं प्राण्यांच्या शरीररचनेवरील व्याख्यानें ऐकण्याची इच्छा दर्शविली. व्याख्यानें त्या सत्रांत व्हावयाची नव्हतीं. परंतु गुरुजींनीं सांगितलें कीं, व्याख्यानांची गरजच काय? एखादा प्राणी घेऊन यावें आणि येथें बसून स्वतःच्या हातानें त्याची चिरफाड करून पाहावी. दुसऱ्याच दिवशीं हा तरुण औषधवाल्याच्या दुकानांतून एक जळू घेऊन हजर झाला! बेअर यांचें खरें शिक्षण त्या जळूपासून सुरू झालें, असें म्हटल्यास चूक होणार नाहीं. याच गुरूंच्या हाताखालीं त्यांचे मित्र पांडर यांनीं कोंबडीच्या अंड्यांतील गर्भाचा अभ्यास केला. त्या कामीं दोन हजारांवर अंडीं खर्चीं पडलीं. तो खर्च सोसणें बेअर यांच्या ऐपतीबाहेरचें होतें. पांडर हे सावकाराचे चिरंजीव असल्यामुळें त्यांना तें शक्य झालें. १८१७ सालीं पांडर यांनीं दाखवून दिलें कीं, गर्भ आरंभीं पातळ थरांच्या रूपानें असतो, व त्या थरांतूनच पुढें सर्व अवयव घडतात.

त्याच वर्षीं बेअर हे क्यॉनिग्सबर्ग येथील विद्यापीठांत शरीरशास्त्राचे साहाय्यक म्हणून रुजू झाले, व पुढें तेथेंच प्राणिशास्त्राचे प्राध्यापक झाले. १८२० सालीं त्यांचा विवाह झाला. पांडर यांचें काम त्यांनीं पुढें चालविलें, आणि त्यांतूनच तो जुना प्रश्न त्यांच्यापुढें उभा राहिला. पक्ष्याचें अंडें दिसतें. मग सस्तन प्राण्याचें अंडें कोठें आहे?

या प्रश्नाचा पूर्वेतिहास मोठा बोधप्रद आहे. रक्ताभिसरणाचा शोध लावणारे इंग्लंडचे हार्वे यांनीं राजा चार्ल्स याच्या उपवनांतील हरिणी तपासल्या. परंतु त्यांच्या गर्भाशयांत त्यांना आरंभीं कांहींच दिसलें नाहीं. १६७२ सालीं हॉलंडमधील डी ग्राफ यांनीं अंडाशयावर द्रवानें भरलेल्या लहान लहान पुटिका असतात हें दाखविलें, व त्या पुटिकाच अंडीं होत असें अनुमान केलें. पण पुटिका मोठी, आणि बीजवाहिनींत पुढें जें सांपडे तें तिच्याहून फारच लहान. बाप लहान आणि बेटा मोठा असा हा उलटा हिशेब कोणाला जुळेना. दीडशें वर्षें तो तसाच अडून राहिला.

बेअर यांनीं वाट उलट दिशेनें चालण्याचें ठरविलें. बीजवाहिनींत सांपडणाऱ्या सूक्ष्म गोलकांपासून आरंभ करून, ते कोठून आले असतील याचा माग काढीत ते अंडाशयापर्यंत मागें गेले. १८२७ च्या वसंत ऋतूंत त्यांना नुकत्याच फळलेल्या एका कुत्रीची गरज पडली. त्यांचे वरिष्ठ बुर्डाख यांच्या घरीं तशी कुत्री होती. त्या मुक्या प्राण्याचा बळी देण्यांत आला. अंडाशय उघडून पाहतां एका पुटिकेंत बेअर यांना पिवळसर ठिपका दिसला. दुसऱ्या पुटिकेंतहि तसाच, तिसरींतहि तसाच. त्यांनीं चाकूच्या टोंकानें तो ठिपका अलगद उचलला, पाणी घातलेल्या कांचेच्या वाटींत सोडला, आणि सूक्ष्मदर्शक यंत्राला डोळा लावला. दुसऱ्याच क्षणीं वीज अंगावर पडल्याप्रमाणें ते मागें सरले. समोर एक स्वच्छ, वाटोळें, पिवळें बीजांड होतें. ज्याच्यासाठीं इतक्या जणांनीं आयुष्यें वेंचलीं तें इतकें उघड दिसावें, यावर त्यांचा विश्वास बसेना. पुन्हां यंत्रांत पाहण्यास त्यांना धीर गोळा करावा लागला. हा भास तर नव्हे, अशी शंका खऱ्या शोधकाला प्रथम स्वतःविषयींच येते, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं ध्यानीं धरावें.

शोध लॅटिन भाषेंत त्याच वर्षीं प्रसिद्ध झाला. परंतु कोणी नगारे वाजविले नाहींत. १८२८ सालीं बर्लिन येथें विद्वानांचा मेळावा भरला असतां त्याविषयीं कोणी अवाक्षर काढीना. बेअर यांनींहि आपण होऊन विषय काढला नाहीं. शेवटच्या दिवशीं स्वीडनचे रेत्सियस यांनीं विचारल्यावर मात्र त्यांनीं तें बीजांड सर्वांना दाखविलें.

त्याच वर्षीं त्यांच्या गर्भविकासावरील महाग्रंथाचा पहिला भाग बाहेर आला. त्यांत त्यांनीं एक कबुली दिली आहे. दोन लहान गर्भ त्यांनीं मद्यार्कांत ठेवले होते. पण बाटल्यांना चिठ्ठ्या लावावयास विसरले. पुढें ते गर्भ सरड्याचे, पक्ष्याचे कीं सस्तन प्राण्याचे, हें त्यांना स्वतःलाच सांगतां येईना. आमच्या प्रयोगशाळेंत चिठ्ठी न लावणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही दटावतों. तथापि बेअर यांनीं आपल्या चुकीवर पांघरूण न घालतां तिच्यांतूनच एक नियम स्पष्ट केला. गर्भांत प्रथम सर्वसामान्य लक्षणें प्रकट होतात, आणि विशेष लक्षणें मागाहून. कोंबडा आधीं केवळ पृष्ठवंशी प्राणी असतो, मग पक्षी होतो, व शेवटीं कोंबडा. त्यांच्या सर्वच समजुती मात्र खऱ्या ठरल्या नाहींत. पुरुषबीजांना त्यांनीं शास्त्रीय नांव दिलें, पण तीं परोपजीवी जंतूंपैकीं असावीं असा त्यांचा ग्रह होता. बीज बीजाला मिळतें, हें ऑस्कर हर्टविग यांनीं समुद्रांतील एका प्राण्याच्या अंड्यावर दाखवून १८७६ सालीं प्रसिद्ध केलें. आणि त्याच वर्षीं बेअर यांनीं देह ठेवला.

या परिश्रमांची किंमतहि त्यांना द्यावी लागली. एका वर्षीं बर्फ पडलेलें असतांना ते कामाच्या खोलींत शिरले, ते बाहेर पडले तेव्हां शेतांत राय धान्याचीं कणसें भरलीं होतीं. तें पाहून या विद्वान् गृहस्थाला रडूं कोसळलें. सृष्टीचे नियम आज आपण नाहीं तर उद्यां दुसरा कोणी शोधील. पण गेलेला वसंत परत कोण देईल? असा विचार त्यांच्या मनांत आला. आणि गंमत अशी कीं, पुढच्या वर्षीं पुन्हां तेंच झालें. प्रकृति खालावली. १८३४ सालीं ते सेंट पीटर्सबर्ग येथें गेले, व गर्भशास्त्राचें काम तेथें जवळजवळ थांबलें. त्यानंतर ते घराबाहेर पडले ते असे कीं, १८३७ सालीं उत्तर ध्रुवाकडील नोव्हाया झेम्ल्या बेटावर गेले, आणि १८५३ पासून कांहीं वर्षें कास्पियन समुद्रावरील मासेमारीची पाहणी करीत हिंडले. ज्या माशापासून तेथील कोळी केवळ तेल काढीत, तो खारवून खाण्याजोगा आहे हें त्यांनीं लोकांना पटविलें. १८६७ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यांना कॉप्ले पदक दिलें. त्याच वर्षीं ते डोर्पाटला परतले, आणि २८ नोव्हेंबर १८७६ रोजीं वयाच्या पंचाऐंशीव्या वर्षीं तेथेंच निवर्तले. १८८६ सालीं त्या गांवच्या टेकडीवर त्यांचा पुतळा उभारण्यांत आला.

त्या पिवळ्या ठिपक्यापासून निघालेली वाट पुढें फार दूरवर गेली. १९४४ सालीं अमेरिकेंत जॉन रॉक व मिरियम मेंकिन यांनीं मानवी बीजांडाचें शरीराबाहेर फलन झाल्याचें जाहीर केलें. १९७८ सालीं इंग्लंडांत एडवर्ड्स, स्टेप्टो व परिचारिका जीन पर्डी यांच्या श्रमांनीं अशा फलनांतून पहिलें मूल जन्मलें. त्याच वर्षीं कलकत्त्याचे डॉ. सुभाष मुखर्जी यांनींहि असेंच यश मिळविल्याचें सांगितलें. परंतु त्यांच्या हयातींत कोणी तें मानलें नाहीं. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. इंदिरा हिंदुजा व त्यांचे सहकारी यांना १९८६ सालीं हें साधलें.

मानवी बीजांड एका मिलिमीटरच्या सुमारें दहाव्या हिश्शाएवढें, म्हणजे धुळीच्या कणाएवढें असतें. परंतु त्याच्या पोटांत केवढी शिदोरी! फलनानंतर पहिले एकदोन दिवस गर्भ आपल्या आईनें बीजांत भरून दिलेल्या सामग्रीवरच चालतो. एका पेशीच्या दोन, दोनांच्या चार, चारांच्या आठ होईपर्यंतच्या सुमारास त्याचीं स्वतःचीं जनुकें जागीं होतात. शिदोरी कमी पडली, किंवा बीजांतील गुणसूत्रांची वांटणी चुकली, तर गर्भ वाटेंतच थांबतो. आणि स्त्रीचें वय पस्तिशीपुढें जाऊं लागलें कीं, अशा चुका वाढतात. मुलीच्या शरीरांतील बीजें ती जन्मण्यापूर्वींच तयार झालेलीं असतात. ज्या बीजापासून आपण झालों, तें आपली आई आजीच्या उदरांत असतांनाच घडलें होतें!

आतां पालकांस एक विनंती. आपल्याकडे एखाद्या घरीं पाळणा हलला नाहीं, तर सारा दोष सुनेच्या माथीं मारण्याची चाल अद्याप मोडलेली नाहीं. तिला समारंभांतून वगळतात, तिच्या कानांवर जाईल असें बोलतात. शास्त्र सांगतें कीं, कारण पतीच्या ठिकाणीं असूं शकतें, पत्नीच्या ठिकाणीं असूं शकतें, दोघांच्या ठिकाणींहि असूं शकतें; पुष्कळदां तें बीजाच्या अशा सूक्ष्म घडणींत दडलेलें असतें कीं, जाणत्या डॉक्टरांनाहि तें सांपडत नाहीं. जें यंत्रांतून मोठ्या कष्टानें दिसतें, त्याविषयीं ओट्यावर बसून निकाल देणें हा अन्याय आहे. स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिल्यावरहि बेअर पुन्हां पाहण्यापूर्वीं थबकले. न पाहतां बोलणारांनीं निदान तेवढें तरी थबकावें.