शिरोड्याच्या डॉक्टरांचा टाका

आम्ही शिरगावची माणसं फोंड्याकडे गेलो की शिरोड्याचं नाव घेतो ते कामाक्षीच्या देवळासाठी. पण याच शिरोड्यात २७ एप्रिल १८९९ रोजी जन्मलेल्या विठ्ठल नागेश शिरोडकरांचं नाव जगभरच्या प्रसूतिगृहांत रोज घेतलं जातं, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

शाळा हुबळीला, वैद्यकी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात. १९२७ साली एम.डी. आणि १९३१ साली इंग्लंडची एफ.आर.सी.एस. मिळवून ते मुंबईतच स्त्रीरोगाचे डॉक्टर आणि शिक्षक म्हणून राहिले.

त्यांच्याकडे अशा बायका येत, ज्यांचा गर्भ दर खेपेला चौथ्या ते सातव्या महिन्यात पडायचा. दोष अर्थात बाईच्याच माथी. तेव्हाचा उपाय ठरलेला: अंथरुणाला खिळून राहायचं आणि हॉर्मोन घ्यायचे. त्यामागे शास्त्र होतं. प्रोजेस्टेरॉन हे स्टेरॉइड जातीचं हॉर्मोन. ते चरबीत विरघळतं, म्हणून पेशीच्या पडद्यातून सहज आत शिरतं, आतल्या ग्राहक प्रथिनाला चिकटतं आणि कोणती जनुकं चालू, कोणती बंद हे बदलतं. त्यामुळे गर्भाशयाचा स्नायू शांत राहतो. सुरुवातीला ते अंडाशयात तयार होतं, पुढे वारेत.

मग हॉर्मोन देऊनही गर्भ का पडायचा? शिरोडकरांना दिसलं की काही जणींच्या गर्भाशयाचं तोंडच कमजोर आहे. कळा न येताच ते उघडतं. दाराची कडीच ढिली असेल तर घरातल्यांना शांत बसवून काय उपयोग? त्यांनी त्या बाईच्याच मांडीतल्या चिवट पडद्याची पट्टी काढून गर्भाशयाच्या तोंडाभोवती बांधली. १९५५ साली ही रीत त्यांनी छापून मांडली. तोच 'शिरोडकर टाका'.

१९७१ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. त्याच वर्षी ७ मार्चला ते वारले. पुढच्याच महिन्यात अमेरिकेतून बातमी आली. गर्भ टिकावा म्हणून आयांना दिलेल्या स्टिलबेस्ट्रॉल या कृत्रिम इस्ट्रोजेनचा संबंध त्यांच्या तरुण मुलींच्या कर्करोगाशी जुळला होता. ते औषध गर्भ टिकवत नाही, हे तर १९५३ सालीच दिसलं होतं.

हॉर्मोन वाईट नव्हेत. जिथं कमी आहेत तिथं ते जीव वाचवतात. पण औषध देण्याआधी बिघाड नेमका कुठं आहे ते बघावं लागतं. शिरोडकरांनी ते बघितलं, म्हणून कितीतरी घरांत पाळणा हलला.