रुडॉल्फ डिझेल

रुडॉल्फ क्रिस्टियान कार्ल डिझेल (१८ मार्च, १८५८:पॅरिस, फ्रान्स - २९ सप्टेंबर, १९१३) हे जर्मन यंत्र अभियंते व संशोधक होते. हवा अतिशय दाबून तापवायची आणि तिच्यात सोडलेले इंधन ठिणगीवाचून पेटवायचे, या तत्त्वावर चालणारे अंतर्ज्वलन यंत्र त्यांनी घडवले. त्या यंत्राला आणि पुढे त्यात वापरल्या जाणाऱ्या इंधनालाही त्यांचेच नाव मिळाले. मराठीत 'डिझेल' हा शब्द इतका रुळला आहे की मुळात ते एका माणसाचे आडनाव आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. कमीत कमी इंधनात जास्तीत जास्त काम करून घेणे हा डिझेल यांच्या संशोधनाचा मूळ हेतू होता.

बालपण

डिझेल यांचे वडील थिओडोर हे मूळचे ऑग्सबुर्गचे. ते पुस्तकबांधणीचा व्यवसाय करीत आणि पॅरिसमध्ये स्थायिक झाल्यावर चामड्याच्या वस्तू तयार करीत. आई एलिझ ही न्यूर्नबर्गच्या व्यापारी घराण्यातील होती. तीन भावंडांत रुडॉल्फ मधले.

१८७० साली फ्रान्स व प्रशिया यांच्यात युद्ध सुरू झाले आणि पॅरिसमधील इतर जर्मन कुटुंबांप्रमाणे डिझेल कुटुंबालाही शहर सोडावे लागले. कुटुंब लंडनला गेले. तेथे परिस्थिती ओढगस्तीची असल्यामुळे बारा वर्षांच्या रुडॉल्फला ऑग्सबुर्ग येथे नातेवाइकांकडे पाठवण्यात आले. ज्यांच्या घरी तो राहिला ते क्रिस्टोफ बार्निकेल गणिताचे शिक्षक होते. त्यांच्याच शाळेत रुडॉल्फचे शिक्षण सुरू झाले. चौदाव्या वर्षी त्याने अभियंता होण्याचा निश्चय आईवडिलांना पत्राने कळवला होता.

शिक्षण

१८७३ साली डिझेल शाळेत पहिले आले. १८७५ साली त्यांना म्युनिक येथील तंत्रविद्यालयात शिष्यवृत्ती मिळाली. मुलाने लवकर कमाईला लागावे अशी आईवडिलांची इच्छा होती; तरीही त्यांनी शिष्यवृत्ती स्वीकारली. तेथे शीतयंत्रांचे संशोधक कार्ल फॉन लिंडे हे त्यांचे प्राध्यापक होते. वाफेचे यंत्र कोळशातील उष्णतेपैकी जेमतेम एकदशांश उष्णतेचे काम करते आणि बाकीची वाया जाते, ही गोष्ट विद्यार्थिदशेतच त्यांच्या मनाला लागून राहिली. फ्रेंच शास्त्रज्ञ सादी कार्नो यांनी उष्णतायंत्राच्या कार्यक्षमतेची जी सैद्धांतिक मर्यादा सांगितली होती, तिच्या जवळ जाणारे यंत्र बनवता येईल काय, हा त्यांच्या पुढील आयुष्याचा प्रश्न ठरला.

विषमज्वरामुळे १८७९ साली त्यांची अंतिम परीक्षा हुकली. मधला काळ त्यांनी स्वित्झर्लंडमधील विंटरथूर येथे झुल्झर बंधूंच्या कारखान्यात अनुभव घेण्यात घालवला. जानेवारी १८८० मध्ये ते उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाले.

शीतयंत्रांचे काम व अपघात

पदवीनंतर डिझेल पॅरिसला परतले आणि लिंडे यांच्या बर्फनिर्मितीच्या कारखान्यात काम करू लागले. वर्षभरातच ते तेथील संचालक झाले. १८८३ साली त्यांचा मार्था फ्लाशे यांच्याशी विवाह झाला. या दांपत्याला दोन मुलगे व एक मुलगी झाली.

नोकरी सांभाळून त्यांचे स्वतःचे प्रयोग चालू होते. वाफेऐवजी अमोनियाच्या बाष्पावर यंत्र चालवण्याचा त्यांनी प्रयत्न केला. परंतु चाचणीच्या वेळी स्फोट होऊन ते मरता मरता वाचले. अनेक महिने त्यांना रुग्णालयात काढावे लागले. १८९० साली ते बर्लिनला गेले. अमोनियाचा नाद त्यांनी सोडला. हवा हेच यंत्राचे माध्यम करावे, या विचाराकडे ते वळले.

नव्या यंत्राचे तत्त्व

हवा वेगाने दाबली की ती तापते. सायकलच्या पंपाचे टोक गरम होते, ते बऱ्याच अंशी याच कारणाने. सिलिंडरमधील हवा पुरेशी दाबली तर तिचे तापमान इतके वाढते की तिच्यात सोडलेले इंधन आपोआप पेट घेते. पेट्रोल यंत्रात हवा व इंधन यांचे मिश्रण दाबले जात असल्याने दाब एका मर्यादेपलीकडे नेता येत नाही; अन्यथा मिश्रण अवेळी पेटते. डिझेल यांच्या यंत्रात केवळ हवाच दाबली जात असल्यामुळे ही अडचण उरत नाही. दाबाचे प्रमाण जितके मोठे, तितका इंधनातील उष्णतेचा अधिक भाग कामी येतो.

या कल्पनेवर १८९२ साली त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि १८९३ साली ते मंजूर झाले. त्याच वर्षी त्यांनी आपल्या यंत्राचा सिद्धांत मांडणारे पुस्तकही प्रसिद्ध केले. मात्र तापमान स्थिर ठेवून ज्वलन घडवण्याची त्यातील मूळ कल्पना व्यवहारात उतरण्याजोगी नव्हती. हे ध्यानी आल्यावर त्यांनी त्याच वर्षाच्या अखेरीस सुधारित पद्धतीसाठी दुसरा अर्ज केला. पुढे विरोधकांनी या फरकावर वारंवार बोट ठेवले.

ऑग्सबुर्ग येथील प्रयोग

ऑग्सबुर्ग यंत्र कारखान्याचे संचालक हाइनरिख फॉन बुत्स यांनी डिझेल यांना जागा व साहाय्य दिले. क्रुप उद्योगसमूहानेही खर्चाचा वाटा उचलला. ऑगस्ट १८९३ मध्ये पहिल्या चाचणीत सिलिंडरमध्ये इंधन पेटले खरे, पण दाब मोजणाऱ्या उपकरणाच्या चिंधड्या उडाल्या. यंत्र चालले नव्हते. तरी दाबाने ज्वलन होते हे सिद्ध झाले होते. १७ फेब्रुवारी, १८९४ रोजी सुधारलेले यंत्र प्रथमच स्वतःच्या बळावर सुमारे एक मिनिट फिरले.

त्यानंतर आणखी तीन वर्षे दुरुस्त्या चालू होत्या. फेब्रुवारी १८९७ मध्ये म्युनिकचे प्राध्यापक मोरिट्स श्र्योटर यांनी सुमारे २० अश्वशक्तीच्या यंत्राची अधिकृत चाचणी घेतली. कार्यक्षमता २६.२ टक्के भरली. ताशी एका अश्वशक्तीमागे सुमारे २३८ ग्रॅम इंधन लागले. पुस्तकात मांडलेल्या स्वप्नापेक्षा हा आकडा पुष्कळच कमी होता, तथापि त्या काळच्या वाफेच्या यंत्राच्या दुपटीहून अधिक होता.

प्रसार, वाद व आर्थिक अडचणी

परवाने विकून डिझेल अल्पावधीत श्रीमंत झाले. अमेरिकेतील हक्क मद्यउत्पादक अडॉल्फस बुश यांनी घेतले. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात या यंत्राला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. तेथे एक लहान यंत्र भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवण्यात आले होते. १९१२ साली डेन्मार्कचे 'सेलांडिया' हे डिझेल यंत्रांवर चालणारे मोठे जहाज महासागरावरील प्रवासाला निघाले.

परंतु पहिली विक्रीची यंत्रे वारंवार बिघडत. गिऱ्हाइकांच्या तक्रारी आल्या. पेटंटवर हक्क सांगणारे दावे लढवावे लागले. प्रकृती ढासळली. जमिनींच्या व्यवहारांत मोठे नुकसान झाले आणि म्युनिकमधील भव्य निवासस्थानाचा खर्च पेलवेना.

सामाजिक विचार

वाफेचे यंत्र मोठ्या कारखानदारालाच परवडते आणि त्यामुळे लहान कारागीर देशोधडीला लागतो, अशी डिझेल यांची धारणा होती. स्वस्तात चालणारे लहान यंत्र कारागिराच्या हाती आले तर तो टिकून राहील, अशी त्यांना आशा होती. १९०३ साली त्यांनी कामगारांच्या सहकारी मालकीचा पुरस्कार करणारे पुस्तक लिहिले. त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. प्रत्यक्षात त्यांचे यंत्र त्यांच्या हयातीत मुख्यतः वीजकेंद्रे, कारखाने, जहाजे व पाणबुड्या यांतच गेले.

मृत्यू

२९ सप्टेंबर, १९१३ रोजी डिझेल अँटवर्पहून हार्विचला जाणाऱ्या 'ड्रेस्डेन' या जहाजावर चढले. लंडन येथे एका कंपनीच्या बैठकीस ते निघाले होते. रात्री भोजनानंतर सुमारे दहा वाजता ते आपल्या खोलीकडे गेले आणि सकाळी सव्वासहाला उठवण्यास सांगून ठेवले. सकाळी खोली रिकामी होती व बिछाना वापरलेला नव्हता. त्यांची टोपी व कोट जहाजाच्या कठड्यापाशी आढळले. काही दिवसांनी एका डच नौकेला समुद्रात एक मृतदेह दिसला. खलाशांनी खिशातील वस्तू काढून घेऊन देह समुद्रातच सोडला. त्या वस्तू वडिलांच्याच असल्याचे त्यांचा मुलगा ऑयगन याने ओळखले. कर्जबाजारीपणामुळे आत्महत्या, अपघात की घातपात, याविषयी तेव्हापासून तर्क होत आले आहेत. निर्णायक पुरावा कोणत्याच बाजूने नाही.

वाहनांतील वापर व इंधनबचत

डिझेल यांच्या काळातील यंत्रात इंधन फवारण्यासाठी दाबलेली हवा लागे. त्यासाठीचा अवजड संपीडक मोटारगाडीत मावण्यासारखा नव्हता. प्रॉस्पर लोरांज यांचा पूर्वज्वलन कक्ष आणि १९२७ पासून बॉश कंपनीने तयार केलेले इंधनपंप यांमुळे हे यंत्र ट्रक, ट्रॅक्टर व मोटारींत बसू लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर ते खडबडीत वाटेवर चालणाऱ्या गाड्यांतही आले. लँड रोव्हरने १९५७ साली २०५२ घन सें.मी. क्षमतेचे, सुमारे ५१ अश्वशक्तीचे डिझेल यंत्र उपलब्ध केले. भारतात महिंद्रांनी १९४७ पासून मुंबईत जुळणी केलेल्या जीपगाड्यांतही पुढे पेट्रोलच्या जागी डिझेल यंत्र आले.

अशा जुन्या गाड्या वजनदार असतात, त्यांचा आकार हवेला अडवणारा असतो आणि चारही चाकांकडे शक्ती नेणाऱ्या दंतचक्रांत काही ऊर्जा खर्ची पडते. तरीही त्याच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा त्यांना इंधन कमी लागते. याची कारणे तीन आहेत. पहिले, दाबाचे प्रमाण मोठे असते. दुसरे, या यंत्रात हवा अडवून शक्ती कमी करावी लागत नाही. केवळ इंधनाचे प्रमाण घटवले जाते, त्यामुळे चिखलातून वा चढणीवर संथ चालतानाही अपव्यय कमी होतो. तिसरे, एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे दहा टक्के अधिक ऊर्जा असते. पूर्वज्वलन कक्षाच्या भिंती मात्र बरीच उष्णता शोषतात. म्हणून इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारणारी नंतरची यंत्रे साधारणपणे १० ते १५ टक्के अधिक काटकसरी ठरली. फवारणीचे तोंड झिजले किंवा हवेची गाळणी तुंबली की ज्वलन अपुरे होते. धुराचा काळा रंग हे वाया जाणाऱ्या इंधनाचेच लक्षण होय.

वारसा

१८९७ सालचे यंत्र म्युनिक येथील जर्मन संग्रहालयात जतन केलेले आहे. जपानमधील यानमार कंपनीचे संस्थापक मागोकिची यामाओका यांनी १९३३ साली शेतकऱ्यांना वापरता येईल असे लहान डिझेल यंत्र तयार केले. १९५७ साली त्यांनी ऑग्सबुर्ग येथे डिझेल यांच्या स्मरणार्थ उद्यान भेट दिले. महाराष्ट्रात १९४६ साली पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली आणि वीज न पोहोचलेल्या गावांत विहिरीचे पाणी डिझेल यंत्राने उपसले जाऊ लागले. लहान माणसाच्या हाती लहान यंत्र यावे, ही डिझेल यांची अपेक्षा अशा रीतीने त्यांच्या मृत्यूनंतर, त्यांनी कधी न पाहिलेल्या प्रदेशांत काही अंशी पूर्ण झाली.