धरणावरच्या गावाचे फोटो काढणाऱ्या मार्गारेटबाई

गांधीजी खाली बसून वाचत आहेत आणि पुढे चरखा आहे, हा फोटो आपण सर्वजणींनी पाहिलेला आहे. तो १९४६ साली मार्गारेट बर्क-व्हाईट नावाच्या एका अमेरिकन बाईंनी काढला, हे मला फार उशिरा कळले. फोटो काढण्याआधी सूत कातायला शिका, अशी अट त्यांना घातली होती आणि त्यांनी ती पाळली. स्मरणिकेत एखाद्या कर्तबगार स्त्रीचे चरित्र लिहा, असे कार्यवाह बाई म्हणाल्या, तेव्हा मला याच बाई आठवल्या. पण मला त्या आवडतात त्या वेगळ्याच फोटोंमुळे.

मार्गारेटबाईंचा जन्म १९०४ सालचा, न्यूयॉर्कचा. वडील यंत्रे तयार करणारे इंजिनियर. त्यांनी लहानग्या मुलीला लोखंड ओतण्याचा कारखाना दाखवायला नेले आणि तो उजेड तिच्या मनात कायमचा बसला. पहिले लग्न दोनच वर्षांत मोडले. मग आईच्या माहेरचे बर्क हे नाव वडिलांच्या व्हाईट या आडनावाला जोडून त्या क्लीव्हलंड शहरात एकट्या फोटोचा धंदा करू लागल्या. तिथल्या पोलादाच्या कारखान्यात जाऊ देण्यासाठी त्यांना बरीच खटपट करावी लागली. आत गेल्यावर आणखी अडचण. वितळलेल्या पोलादाचा तांबडा उजेड त्या वेळच्या फिल्मवर उमटतच नसे. शेवटी मॅग्नेशियमच्या मोठ्या चंद्रज्योती पेटवून त्यांनी ते फोटो काढले. पुढे रशियात मॅग्निटोगोर्स्क येथे उघड्या माळावर पोलादाचा कारखाना आणि त्याच्याभोवती शहर एकदमच उभे राहत होते, तिथेही त्या १९३१ साली जाऊन आल्या.

हे सगळे फोटो देखणे आहेत, पण मला विचाराल तर त्यांतला माणूस म्हणजे यंत्र केवढे मोठे आहे हे दाखवायची मोजपट्टीच. १९३४ साली त्या अमेरिकेतल्या दुष्काळी मुलखात हिंडल्या आणि त्यांची नजर बदलू लागली.

मी स्वतः कारखान्याच्या वसाहतीत वाढले. कारखान्याच्या कॅलेंडरवर दरवर्षी धुराडे असे, फाटक असे, साहेबांचा बंगला असे. पहाटे चारला नळापाशी लागणारी आमची हंड्यांची रांग कधी कोणी टिपली नाही. म्हणून १९३६ सालची ही हकिकत वाचून मला फार बरे वाटले.

‘लाईफ’ हे साप्ताहिक तेव्हा निघायचे होते. त्याच्या पहिल्या अंकासाठी बाईंना माँटाना प्रांतात मिसुरी नदीवरच्या फोर्ट पेक धरणावर पाठवले. तिथे दहा हजारांवर माणसे कामाला होती. सरकारने वसवलेले नीटनेटके गाव होतेच, पण त्यात सगळी मावेनात. आजूबाजूला फळ्यांच्या झोपड्यांची गावे उठली, व्हीलर, न्यू डील अशी. संपादकांनी मागितले होते बांधकामाचे फोटो. तेही बाईंनी काढले. पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर सांडव्याच्या प्रचंड खांबांचाच फोटो आहे आणि पायथ्याशी दोन माणसे मुंगीएवढी. पण संध्याकाळी कॅमेरा घेऊन त्या झोपड्यांच्या गावांत शिरल्या. गावात नळ नसताना लोकांचे कपडे धुऊन पोट भरणारी बाई, पैसे घेऊन मजुरांबरोबर नाचणाऱ्या मुली, दारूच्या गुत्त्यात चाकरी करणारी आई आणि तिथेच गिऱ्हाइकांमध्ये काउंटरवर बसवलेले तिचे मूल. त्या मुलाला घरी कोणाजवळ ठेवणार? आपल्यापैकी जिने पोर बरोबर घेऊन काम केले असेल, तिला ते चित्र समजावून सांगावे लागणार नाही. संपादक चकित झाले खरे, पण त्यांनी ते सारे छापले.

त्यानंतर बाईंनी युद्धही पाहिले. १९४२ साली त्यांचे जहाज पाणतीराने बुडाले, तेव्हा त्या होडीतून वाचल्या. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींच्या हत्येआधी काही तासच त्या त्यांना भेटल्या होत्या. पुढे हात कापण्याचा पार्किन्सन्सचा आजार जडला. कॅमेरा धरणारे ते हात! मेंदूवर शस्त्रक्रिया झाली. १९५९ साली ‘लाईफ’नेच या आजाराची सचित्र हकिकत छापली आणि या वेळी कॅमेऱ्यासमोर बाई स्वतः बसल्या. १९७१ च्या ऑगस्टमध्ये त्या वारल्या.