डेनिस रिची

डेनिस मॅकॲलिस्टेअर रिची (९ सप्टेंबर १९४१ – १२ ऑक्टोबर २०११) हे अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ होते. सी ही संगणकभाषा त्यांनी घडविली आणि केन थॉम्पसन यांच्यासह युनिक्स ही कार्यप्रणाली विकसित केली. भ्रमणध्वनीपासून मोटारगाड्यांतील नियंत्रण-यंत्रणांपर्यंत असंख्य उपकरणांच्या आज्ञावल्या आजही सी भाषेत लिहिल्या जातात. पिंपरी-चिंचवड व चाकणच्या पट्ट्यात बनणारी वाहनेही त्याला अपवाद नाहीत.

बालपण व शिक्षण

रिची यांचा जन्म न्यूयॉर्क राज्यातील ब्राँक्सव्हिल येथे झाला. त्यांचे वडील ॲलिस्टेअर रिची हे बेल प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ होते. पुढे हे कुटुंब न्यू जर्सीतील समिट येथे राहावयास गेले. हार्वर्ड विद्यापीठातून भौतिकशास्त्राची पदवी घेतल्यावर रिची उपयोजित गणिताच्या संशोधनाकडे वळले. त्यांचा प्रबंध १९६८ साली लिहून पूर्ण झाला होता, परंतु डॉक्टरेट त्यांना कधीच मिळाली नाही. तत्पूर्वीच, १९६७ मध्ये, ते बेल प्रयोगशाळेत रुजू झाले आणि अखेरपर्यंत त्याच संस्थेशी निगडित राहिले.

सी भाषेची निर्मिती

सी भाषेच्या जन्मामागे अनेक कारणे होती. त्यांपैकी एक अगदी साधे, पण महत्त्वाचे कारण म्हणजे अक्षरांची हाताळणी. थॉम्पसन यांनी रचलेल्या बी या पूर्वीच्या भाषेत विदेचे वेगवेगळे प्रकार नव्हते. यंत्राचा एक शब्द हेच तिचे एकमेव परिमाण होते. त्या शब्दात अक्षरे कोंबून ठेवावी लागत व एकेक अक्षर सुटे करण्यासाठी निराळी खटपट करावी लागे. प्रयोगशाळेत पीडीपी-११ हा संगणक आल्यावर ही अडचण प्रकर्षाने जाणवली, कारण या यंत्रात प्रत्येक बाइटला स्वतंत्र पत्ता होता. रिची यांनी बी भाषेत प्रकारांची व्यवस्था आणली व अक्षरासाठी कॅर हा प्रकार निर्माण केला. त्यातूनच १९७२ च्या सुमारास सी भाषा आकारास आली. १९७३ मध्ये युनिक्सचा गाभा या भाषेत पुन्हा लिहिला गेला. एका यंत्राला बांधलेली कार्यप्रणाली दुसऱ्या यंत्रावर नेण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली.

त्या काळातील टेलिटाइप मॉडेल ३३ या यंत्रावर केवळ मोठी रोमन अक्षरे उमटत. युनिक्सने त्यावर एक युक्ती योजली होती. वापरकर्त्याने आपले नाव संपूर्ण मोठ्या अक्षरांत टंकित केले, तर त्याच्या यंत्रावर लहान अक्षरे नाहीत असे प्रणाली गृहीत धरी आणि पुढचा सर्व मजकूर आपणहून लहान अक्षरांत रूपांतरित करी. खरोखरीचे मोठे अक्षर हवे असल्यास त्यापूर्वी उलटी तिरकी रेघ द्यावी लागे.

अक्षररूपांतर आणि देवनागरी

मराठी शाळांत जुन्या पिढीने ज्यांना पहिली व दुसरी लिपी म्हणून गिरविले, त्या मोठ्या व लहान रोमन अक्षरांचे रूपांतर हा सी शिकणाऱ्यांचा नेहमीचा स्वाध्याय आहे. ॲस्की संकेतावलीत मोठ्या ए चा क्रमांक ६५ व लहान ए चा ९७ आहे. पुढच्या प्रत्येक जोडीतही ३२ चेच अंतर आहे, म्हणजे द्विमान रूपात एकाच बिटाचा फरक. सी भाषेत अक्षर हा एक लहानसा पूर्णांकच असल्यामुळे लहान अक्षरातून ३२ वजा केले की मोठे अक्षर मिळते. अक्षरमालिकेची लांबी वेगळी नोंदविलेली नसते. शून्य मूल्याची बाइट आली की मालिका संपते. तोवर हीच क्रिया एकेका अक्षरावर करावयाची असते.

ब्रायन कर्निगन यांच्यासह रिची यांनी १९७८ मध्ये लिहिलेल्या सी भाषेवरील ग्रंथात याच्या उलट, म्हणजे मोठ्याचे लहान अक्षर करणारे छोटे फलन दिलेले आहे. ते ॲस्कीपुरतेच लागू असल्याचेही तेथे बजावलेले आहे, कारण आयबीएमच्या एब्सिडिक संकेतावलीत अक्षरे सलग नाहीत. म्हणून वजाबाकीपेक्षा सीटाइप या हेडर फाइलमधील टूअपर हे फलन वापरणे श्रेयस्कर. हे फलन एका वेळी एकच अक्षर घेते आणि रूपांतरित अक्षर परत देते. मूळ मालिकेत ते आपणहून काही बदलत नाही. विद्यार्थी नेमके येथेच अडखळतात.

देवनागरीत लहान-मोठा हा भेदच नाही. तरीही मराठी मजकूर अशा आज्ञावलीतून सुखरूप बाहेर पडतो. त्याचे श्रेय १९९२ मध्ये थॉम्पसन व रॉब पाइक यांनी रचलेल्या यूटीएफ-८ या संकेतपद्धतीला जाते. ही पद्धत प्रथम प्लॅन ९ या कार्यप्रणालीत वापरात आली. ती प्रणाली विकसित करणाऱ्या गटाचे नेतृत्व रिची यांच्याकडे होते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते आणि त्यांपैकी एकाही बाइटचे मूल्य १२८ पेक्षा कमी नसते. त्यामुळे रोमन अक्षरांशी त्यांची गल्लत होत नाही. मात्र अनेक यंत्रांवर कॅर हा प्रकार चिन्हयुक्त असल्याने या बाइट ऋण संख्या ठरतात. टूअपरकडे सोपविण्यापूर्वी त्यांचे चिन्हरहित प्रकारात रूपांतर केले नाही, तर आज्ञावली कशी वागेल याची हमी सी भाषेचे प्रमाणक देत नाही.

सन्मान व निधन

थॉम्पसन यांच्यासह रिची यांना १९८३ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १९९९ मध्ये अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक व २०११ मध्ये जपान पारितोषिकही दोघांना विभागून देण्यात आले. २००७ मध्ये ते निवृत्त झाले.

१२ ऑक्टोबर २०११ रोजी न्यू जर्सीतील बर्कले हाइट्स येथील राहत्या घरी ते मृतावस्थेत आढळले. एकच आठवडा आधी स्टीव्ह जॉब्स यांचे निधन झाले होते आणि जगभरची वृत्तपत्रे त्या बातमीने व्यापली होती. रिची यांच्या मृत्यूची दखल त्या मानाने फारच थोडी घेतली गेली. फेडोरा १६ व फ्रीबीएसडी ९.० या कार्यप्रणालींच्या आवृत्त्या त्यांच्या स्मृतीस अर्पण करण्यात आल्या.