लिओनार्ड ऑयलर : दृष्टीपलीकडचे गणित

लिओनार्ड ऑयलर यांचा जन्म १५ एप्रिल १७०७ रोजी स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे झाला. पुत्राने धर्मोपदेशक व्हावे, ही पित्याची इच्छा होती; परंतु योहान बर्नुली यांनी त्यांची प्रज्ञा ओळखली आणि ते गणिताकडे वळले. १७२७ मध्ये ते सेंट पीटर्सबर्गला गेले. तेथेच ऐन तारुण्यात उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. बर्लिनमधील पंचवीस वर्षांच्या वास्तव्यानंतर १७६६ मध्ये ते रशियास परतले आणि काही वर्षांतच दुसरा डोळाही निकामी झाला. तरीही लेखन थांबले नाही. ते सांगत, पुत्र व शिष्य लिहून घेत.

त्याच काळात, १७७२ मध्ये, दोनच्या एकतिसाव्या घातातून एक वजा करून येणारी २,१४,७४,८३,६४७ ही संख्या मूळ संख्या असल्याचे त्यांनी सिद्ध केले. त्यासाठी ४६,३४० पर्यंतच्या हजारो मूळ संख्यांनी भागून पाहणे आले असते. परंतु या संख्येला मूळ विभाजक असलाच, तर त्यास २४८ ने भागता बाकी १ किंवा ६३ च उरेल, हे त्यांनी तर्काने जाणले. भागाकार शंभराच्या आत आले. नेत्रांचे श्रम बुद्धीने वाचविले.

१८ सप्टेंबर १७८३ रोजी ते निवर्तले. त्या दिवशीही नव्यानेच सापडलेल्या युरेनस ग्रहाच्या कक्षेची चर्चा त्यांनी केली होती.