कामगारांचे कैवारी : नारायण मेघाजी लोखंडे

1854 साली कावसजी दावर यांनी मुंबईत कापडगिरणीची मुहूर्तमेढ रोवली. त्यानंतर पाव शतकात त्या शहरात अनेक गिरण्यांची धुराडी उभी राहिली. कोकणातून व घाटावरून हजारो माणसे पोटासाठी तेथे आली. भोंगा वाजला की ती गिरणीत शिरत आणि दिवस मावळेपर्यंत साच्यांपुढे उभी राहत. आठवड्याची हक्काची सुटी त्यांना ठाऊक नव्हती. त्याहून भयंकर गोष्ट म्हणजे अपघात. फिरत्या पट्ट्यात एखाद्याचा हात सापडला, तर त्या दिवसापासून त्याची मजुरी बंद होई. मालकास दया आली तर चार पैसे हाती पडत. नाही तर गावची वाट धरावी लागे. धडधाकट कमावता माणूस एका क्षणात घरावरचे ओझे होऊन बसे. अशा मूक जनतेस वाचा देण्याचे काम नारायण मेघाजी लोखंडे यांनी केले.

लोखंड्यांचे घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातील. नारायणरावांचा जन्म 1848 मध्ये ठाणे येथे झाला. परिस्थिती गरिबीची होती. शिक्षण झाल्यावर त्यांनी टपाल खात्यात व पुढे मुंबईच्या मांडवी भागातील एका गिरणीत नोकरी केली. गिरणीत ते कोठाराचा हिशेब सांभाळीत. पगार बरा होता; परंतु कामगारांचे हाल रोज डोळ्यांसमोर घडत असता केवळ आपल्या पगारावर संतुष्ट राहणे त्यांच्या स्वभावात नव्हते. महात्मा जोतीराव फुले यांनी 1873 मध्ये स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाचे ते निष्ठावंत कार्यकर्ते होते. कृष्णराव भालेकर यांनी 1877 मध्ये पुण्यात सुरू केलेले ‘दीनबंधु’ पत्र बंद पडण्याच्या बेतास आले, तेव्हा 1880 मध्ये लोखंडे यांनी ते मुंबईस आणून स्वतः चालविले. शेतकरी व कामकरी यांची दुःखे त्या पत्रातून लोकांपुढे येऊ लागली.

1881 साली सरकारने कारखान्यांविषयी पहिला कायदा केला. सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवू नये, धोक्याच्या यंत्रांना कुंपण घालावे, असे नियम त्यात होते. मात्र कुंपण असूनही जो जायबंदी झाला त्याने पुढे काय खावे, याविषयी कायदा काहीच बोलत नव्हता. 1884 मध्ये मुंबई सरकारने या प्रश्नाच्या चौकशीसाठी एक मंडळ नेमले. ही संधी साधून लोखंडे यांनी त्याच वर्षी 23 व 26 सप्टेंबर रोजी परळ येथे कामगारांच्या सभा भरविल्या. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे व अंगठ्यांचे एक निवेदन तयार झाले. त्यात पाच मागण्या होत्या. रविवारी सुटी असावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच चालावे. मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. आणि कामावर असता गंभीर इजा झाल्यास कामगारास बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा व तो जन्माचा अपंग झाल्यास त्याच्या निर्वाहाची योग्य सोय व्हावी.

ही पाचवी मागणी त्या काळी अनेकांना विलक्षण वाटावी अशीच होती. जखमी मजुरास मदत करणे हा धर्म आहे, हे सर्वांस मान्य होते. पण मदत मागण्याचा त्याला हक्क आहे, ही कल्पना येथे नवीन होती. तिच्यामागील न्याय मात्र सरळ होता. गिरणीतील यंत्र मोडले तर ते दुरुस्त करण्याचा खर्च मालक करतो आणि तो मालाच्या किमतीत धरतो. मग त्याच कामात माणसाचा हात मोडला, तर त्याचा भार एकट्या माणसाने का सोसावा? दया ही देणाऱ्याच्या मर्जीवर असते. हक्क मर्जीवर नसतो. 1884 सालीच जर्मनीत कामगारांच्या अपघात विम्याचा कायदा संमत झाला. तेथे राज्यसत्तेने जो विचार स्वीकारला, तोच विचार येथे परळच्या सभेत साध्या गिरणी कामगारांनी मांडला, ही गोष्ट अभिमानास्पद होय.

निवेदनाचे फळ तात्काळ मिळाले नाही. तरीही लोखंडे खचले नाहीत. 24 एप्रिल 1890 रोजी महालक्ष्मी येथे सुमारे दहा हजार कामगारांची प्रचंड सभा भरली. तीत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. अखेर 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. पुढच्याच वर्षी झालेल्या कायद्याने मधल्या विश्रांतीची व आठवड्याच्या सुटीची तरतूद केली. या चळवळीतून ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ ही संघटना उभी राहिली. तिच्याजवळ द्रव्यबळ नव्हते. लोखंडे यांची तळमळ हेच तिचे भांडवल होते. 1895 मध्ये सरकारने त्यांना रावबहादूर ही पदवी दिली. पण कामगारांमधील त्यांचा वावर कमी झाला नाही. मुंबईत प्लेगने थैमान घातले, तेव्हा त्या रोगानेच 9 फेब्रुवारी 1897 रोजी त्यांचा अंत झाला. पुढच्याच महिन्यात पुण्यात सावित्रीबाई फुले यांनाही त्याच साथीत मृत्यू आला.

पाचवी मागणी तशीच राहिली होती. इंग्लंडमध्ये नुकसानभरपाईचा कायदा 1897 मध्ये, लोखंडे वारले त्याच वर्षी झाला. भारतात तो 1923 मध्ये संमत होऊन 1 जुलै 1924 पासून अमलात आला. परळच्या सभेला तेव्हा चाळीस वर्षे होत आली होती. मालकाची चूक सिद्ध करण्याचे ओझे या कायद्याने कामगाराच्या माथ्यावरून उतरविले. कामामुळे व काम करीत असता इजा झाली, एवढे पुरेसे ठरले. बोट, हात, डोळा गमावल्याने कमाईची शक्ती किती घटते, याचे कोष्टकच त्यात दिले होते. तात्पुरत्या इजेसाठी मात्र पूर्ण नव्हे, अर्ध्याच पगाराइतकी भरपाई ठरली. म्हणजे लोखंडे यांची मागणी अजूनही पुरती मान्य झाली नव्हती. 2020 साली संसदेने संमत केलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही भरपाईच्या या तत्त्वास स्थान मिळाले आहे.

ज्या पुणे जिल्ह्यातून लोखंड्यांचे पूर्वज आले, त्याच जिल्ह्यात मुळा-मुठेच्या काठी खराडी हे गाव आहे. एके काळी तेथे शेते होती; आज गगनचुंबी इमारती उभ्या आहेत. अशा इमारती बांधताना दूरदूरच्या प्रांतांतून आलेले मजूर उंच परांचीवर चढून विटा रचतात. त्यांपैकी कोणी खाली पडला, तर त्याने केवळ दैवास दोष देऊन गावी परतावयाचे नसते. अपघाताची खबर मालकास तत्काळ द्यावी, दवाखान्याचे कागद जपून ठेवावेत, आणि भरपाई न मिळाल्यास सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे दाद मागावी. ठेकेदारामार्फत आलेल्या मजुरासही हा हक्क आहे. परंतु हक्क ज्याला ठाऊक नाही, त्याच्या दृष्टीने तो नसल्यासारखाच असतो. साडेपाच हजार अंगठे व सह्या गोळा करताना लोखंडे यांनी प्रथम हेच केले : कामगारास त्याचा हक्क समजावून दिला.